घातवार बाई आणि कुलपातला जिना

सकाळी शाळेच्या फाटकातून आत आल्यावर माणसाला काहीतरी बरं वाचायला मिळावं, एवढीच माझी अपेक्षा असायची. दुसऱ्या शाळांच्या फलकावर दिनविशेष असतो. कुणा थोर माणसाची जयंती, कुणाची पुण्यतिथी आणि खाली एक सुविचार. आमच्या बजाजनगरच्या शाळेच्या फलकावर मात्र मी रंगीत खडूंनी जीव ओतून काढलेल्या वेलबुट्टीच्या मधोमध लिहिलेलं असायचं, 'आजच्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं.' भोवती माझी जास्वंदीची फुलं आणि वरच्या कोपऱ्यात पोपट.

मी चित्रकलेचा मास्तर. फलकाची चौकट माझ्याकडे आणि मजकूर बाईंकडे, अशी मुख्याध्यापकांनी वाटणी करून दिली होती. बाई इतिहास-भूगोल शिकवायच्या. पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हटलं, "बाई, फुलांच्या मधे पूर आणि भूकंप बरे दिसत नाहीत हो." त्यांनी खडू खाली न ठेवता उत्तर दिलं, "मग फुलं काढू नका, सर." मी आपला फुलं काढतच राहिलो. करणार काय, मला तेवढंच येतं.

मुलांनी त्यांचं नाव 'घातवार बाई' ठेवलं होतं. नवीन आलेल्या शिक्षिका सगळ्या 'मॅडम' होत्या. यांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मला बाईच म्हणायचं." पोरांनी त्याला घातवार जोडला. मधल्या सुट्टीत एखादं कार्टं स्टाफरूमच्या दारातून डोकं आत घालून विचारायचं, "बाई, माझा वाढदिवस अमुक तारखेला असतो, त्या दिवशी काय पडलंय?" बाई रागावायच्या नाहीत. चष्मा वर सरकवून त्या तारखेला कुठं बोट बुडाली, कुठं खाण ढासळली, कुठं गाडी रुळावरून घसरली ते सांगायच्या. पोरगं खूश होऊन जायचं. आपल्या वाढदिवसाला एवढं सगळं घडलंय याचाच त्याला अभिमान.

तरी बाईंच्या मजकुराचा खरा जीव खालच्या ओळीत असायचा. काय घडलं ते लिहून झालं की त्याखाली त्या एकच प्रश्न लिहीत, 'काय करता आलं असतं?' दिवसभरात कुठल्याही वर्गातल्या कुठल्याही पोरानं येऊन त्याचं उत्तर द्यायचं. 'देवाची प्रार्थना' असं उत्तर दिलेलं त्यांना चालत नसे. "प्रार्थना कर की. नंतर काय करशील ते सांग." पाचवीतल्या एका पोरीनं एकदा सांगितलं होतं, "मी आधीच्या दिवशी जाऊन सगळ्यांना उठवलं असतं." त्या दिवशी बाईंनी तिला पिशवीतला अख्खा पेरू दिला. स्वतःच्या खाण्यातलं त्या सहसा कुणाला देत नसत, हे मी चहाच्या वेळी अनेकदा अनुभवलेलं आहे.

'दुर्दैवी' हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नसे. वक्तृत्व स्पर्धेत सातवीतला एक मुलगा कोसळलेल्या पुलावर बोलताना हातवारे करत म्हणाला, "आणि अचानक काळानं घाला घातला!" आम्ही परीक्षक टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. बाईंनी मधेच हात वर केला. "थांब रे. हा काळ राहतो कुठं? पत्ता सांग त्याचा." पोरगं गोंधळलं. "पूल मोडकळीला आला होता, हे कुणालातरी ठाऊक होतं का नव्हतं? ते बोल. काळाला कशाला मधे आणतोस, तो बिचारा तुझ्यामाझ्यावरनं जातोच हाय." मुलाचं बक्षीस हुकलं. आजही तो रस्त्यात भेटला की त्या पुलाबद्दल मला ऐकवतो, आणि आता त्याला खरोखरच बरीच माहिती आहे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की बाई सगळ्यांना एक मिनिट शांत उभं राहायला लावत. भूजच्या भूकंपासाठी. तिथंही त्या सकाळी मुलं झेंडावंदनालाच निघाली होती. आमच्या संस्थेचे अध्यक्ष साहेब प्लॉटिंगच्या धंद्यातले, पांढरे बूट, हातात दोन-तीन गंडे आणि मनानं तसा मोकळा माणूस. त्यांना हे अजिबात आवडत नसे. जिलेबीची पाटी समोर निवतेय आणि ही बाई मरणाचं काढतेय. "बाई, आजच्या दिवशी कशाला?" ते म्हणाले. बाईंनी सांगितलं, "आजच झालं होतं ना, साहेब. दिवस काय मी निवडला?" साहेबांनी जिलेबी तोंडात घातली आणि विषय बदलला. पण हे त्यांच्या मनात राहिलं असणार.

आता मुख्य तारखेकडे येतो. तीस सप्टेंबर. मराठवाड्यातल्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते आणि पहाटे किल्लारीची जमीन हलली. बाई किल्लारीजवळच्या खेड्यातल्या. तेव्हा त्या चौथीत होत्या. हे आम्हाला ऐकून माहीत होतं, त्यामुळं शाळेत त्या आल्या त्या वर्षी आम्हाला वाटलं, या तारखेला त्या रजा घेतील. तर त्या कोरी पोपटी साडी नेसून, केसात अबोली माळून, सगळ्यांच्या आधी हजर. मग दर वर्षी त्या दिवशी नवीन साडी. एका वर्षी मी भीत भीत विचारलं. आम्ही दोघंच होतो, चहा आला होता.

"मी अंगणातच आडवी झाले होते, सर," त्या म्हणाल्या. "मिरवणुकीत नाचून नाचून दमलेली. आत जायचा कंटाळा. आई आणि भाऊ आत. आमची घरं तुम्ही बघितली नसतील. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं धाबं. हललं तसं दार चौकटीत जाम बसलं. आईचा आवाज येत होता. 'तू लांब हो,' म्हणली. मी लांब झाले. मग आवाज आला नाय."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि मला विचारलं, "मग? या दिवशी पांढरी साडी नेसून बसू? त्या तारखेला तेच पाहिजे असतंय. आपण दबून राहावं. मी नाय दबत."

अशा बाईला आमच्या विज्ञानाच्या मास्तरांनी एकदा व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून दाखवला. तीस सप्टेंबर ही शापित तारीख आहे. याच दिवशी किल्लारी, याच दिवशी पुढं कधीतरी जोधपूरच्या देवळातली चेंगराचेंगरी, त्याच्या पुढच्याच वर्षी सुमात्राचा भूकंप. "बघा बाई, म्हणजे काहीतरी आहेच," मास्तर आवाज बारीक करून म्हणाले. विज्ञान शिकवतात हो हे. बाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की मी माझी खुर्ची थोडी मागं घेतली.

"पहिलं अनंत चतुर्दशी उलटल्यावर," बाई म्हणाल्या, "दुसरं घटस्थापनेला, तिसरं दसरा झाल्यावर. तिथी तीन. मग शाप नेमका कुणाला लागलाय, सर? कॅलेंडर छापणाऱ्याला?" आम्ही हसलो, पण त्या हसल्या नाहीत. "आमच्याकडं भिंती जड होत्या आणि बोळ अरुंद. जोधपूरला चढ होता, चिंचोळी वाट होती आणि माणसं मावत नव्हती. तिकडं मोठमोठ्या इमारती खाली बसल्या. तारखेनं कुणाला मारलं नाय. बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून माणसं मेली. मुलांना सांगायचं तर हे सांगा." विज्ञानाच्या मास्तरांनी मेसेज डिलीट केला. निदान आमच्यासमोर तरी केला.

श्राद्ध म्हणा, वर्षश्राद्ध म्हणा, बाईंनी त्या दिवसाला एक वेगळाच विधी लावून दिला होता. त्याचं नाव 'पळायचा तास'. तीस सप्टेंबरला शेवटच्या तासाला बाई तीनदा शिट्टी फुंकायच्या. शिट्टी वाजली की हातातलं सगळं टाकायचं, दप्तराला हात लावायचा नाही, शेजारच्याचा हात धरायचा आणि वर्गातून थेट मैदानात. ढकलाढकली केली की पुन्हा पहिल्यापासून. पहिलीतली पोरं या दिवसाची दिवाळीसारखी वाट बघत. बाई मैदानात उभ्या राहून शेवटचं पोर बाहेर येईपर्यंत शाळेच्या दाराकडे टक लावून बघत असत. मी त्यांच्या बाजूला उभा असायचो. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, एवढं मी शिकलो होतो.

आमची शाळा तोवर बैठी होती. मग साहेबांनी वर मजला चढवला, चांगला केला. मागच्या बाजूनं दुसरा जिना काढला. काळा चकचकीत ग्रॅनाइट, स्टीलचा कठडा आणि खाली जाळीचं सरकतं फाटक. मी फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोर रंगवले. इतका देखणा जिना त्या रस्त्यावर कुणाकडं नव्हता. आणि इतका देखणा असल्यामुळंच साहेबांनी त्याला कुलूप घातलं. त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. मुंबईचे एक मोठे साहेब येऊन रिबीन कापणार होते.

गुढीपाडव्याला मोठ्या साहेबांना जमलं नाही. अक्षय्य तृतीयेला त्यांच्याच घरी कार्य निघालं. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पाचवी ते सातवी वर गेली, आणि जिना कुलपातच. श्रावणात येतो म्हणाले, आले नाहीत. मग दसरा ठरला. फाटकाबाहेर दोन्ही खांबांना आडवी लाल सॅटिनची रिबीन बांधलेली होती ती तशीच, शिपाई मामा दर सोमवारी तिच्यावरची धूळ झटकायचे. वरची सगळी पोरं पुढच्या, पूर्वी नुसत्या गच्चीवर जाणाऱ्या जुन्या, अरुंद जिन्यानं चढ-उतार करायची. मधल्या सुट्टीची घंटा झाली की त्या जिन्यात अशी कोंडी व्हायची की खालचा डबा वर आणि वरची पोरगी खाली.

बाई जूनपासून मागं लागल्या होत्या. आधी मुख्याध्यापकांकडं, मग थेट साहेबांकडं. एक दिवस स्टाफरूममध्येच जुंपली.

"बाई, जिना कुठं पळून चाललाय का?" साहेब समजुतीनं म्हणाले. "दसऱ्याला उघडायचाच आहे. नव्या वाटेवर पहिलं पाऊल चांगल्या दिवशी, चांगल्या माणसाचं पडावं. एवढं तर मानता का नाही?"

"आणि मधेच काही झालं तर?"

"काही होत नाही हो. आणि व्हायचंच असलं तर ते देवाच्या हातात."

"देवाच्या हातात कुठंय, साहेब? किल्ली तुमच्या खिशात हाय."

साहेबांचे कान लाल झाले. तरी ते म्हणाले, "तुमचं दुःख आम्हाला कळतं, बाई. तुमच्या घरी जे झालं ते कुणावर येऊ नये. पण म्हणून सगळ्या कॉलनीला घाबरवून सोडायचं?"

"मी घाबरलेली दिसते का तुम्हाला?" बाईंनी विचारलं. खरं सांगतो, त्या खोलीत घाबरलेले आम्ही सगळे होतो, त्या सोडून.

त्यानंतर निरोप आला. यंदा पळायचा तास होणार नाही. तीस सप्टेंबर पितृपक्षात येतोय, एका पालकानं तक्रार केलीय की पितरांच्या दिवसांत पोरांना असलं अभद्र खेळवू नये. ऐकलं नाही तर नोकरीचा विचार करावा लागेल, हेही मुख्याध्यापकांनी आपल्या मऊ आवाजात सांगितलं. आमची शाळा विनाअनुदानित. इथं नोकरी म्हणजे साहेबांची मर्जी. बाई एकट्या राहायच्या, पगारावरच सगळं होतं. मी त्यांना म्हटलं, "पंधरा दिवसांत दसरा येतोय, बाई. एवढं एक वर्ष सोडा." त्या म्हणाल्या, "तुम्ही मोर छान काढलेत, सर."

तीस सप्टेंबर उजाडला. बाई मोरपंखी साडीत आल्या. फलकावर त्यांनी स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहिल्या: किल्लारी, जोधपूर, सुमात्रा. शेवटच्या तासाला तीन शिट्ट्या वाजल्या.

खालचे वर्ग मैदानात पळाले. वरचे शिक्षक एकमेकांकडं बघायला लागले. बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही पुढच्या जिन्यानं घेऊन या. माझी सहावी मी मागच्यानं आणते." आणि खरोखरच सहावीचा अख्खा वर्ग हातात हात धरून त्या काळ्या ग्रॅनाइटवरून खाली उतरला, आणि जाळीच्या फाटकाशी येऊन थांबला. फाटकाला कुलूप, बाहेरून लाल रिबीन.

"बसा," बाई म्हणाल्या. "ही आपली वाट हाय. उघडेपर्यंत इथंच."

पोरं पायरी-पायरीवर बसली. मी बाहेरच्या बाजूला, माझ्या मोरांच्या मधे उभा. मुख्याध्यापक धावत आले आणि जाळीला तोंड लावून विनवायला लागले, "बाई, मागं फिरा. वर जा, पुढच्या जिन्यानं उतरा. दोन मिनिटांत बाहेर याल."

"सर, खरा दिवस आला तर मागं फिरायला दोन मिनिटं मिळतील का?"

"अहो, पण आज खरा दिवस नाही ना!"

"म्हणून तर आज बसता येतंय."

मुख्याध्यापकांनी साहेबांना फोन लावला. साहेब शहरात, क्रांती चौकाजवळ कुठल्याशा बैठकीत. किल्ली त्यांच्याकडंच. येतो म्हणाले, पण संध्याकाळ होईल म्हणाले. बाईंनी तिथंच पोरांना नद्यांची नावं विचारायला सुरुवात केली.

शाळा सुटायची वेळ झाली. बजाजनगरच्या आया फाटकावर जमल्या. कुणी घरून, कुणी कंपनीतून तशीच. सहावीतल्या आराध्याची आई वाळूजला पॅकिंगच्या लाइनवर काम करते, ती निळ्या ॲप्रनमध्येच आली. लेक दिसेना म्हणून मागं आली आणि जाळीशी थबकली.

"आरू, आत काय करायलीस गं?"

"आई, पळायचा तास चालूय."

"बसून?"

बाकीच्याही आल्या. एकदम गलका. "बाई, तुम्ही पोरं कोंडली व्हय?" एकीनं आवाज चढवला. बाई उठून जाळीपाशी आल्या. "मी नाय कोंडली, ताई. मी जिना उतरले. जिना कुणी कोंडलाय ते बघा. तुमची पोरं रोज वर बसत्यात. खाली यायला पुढं एक वाट हाय, ती किती रुंद हाय हे तुम्हाला ठाऊक हाय. ही दुसरी. ही दसऱ्याची वाट बघत बसलीय."

एक म्हातारी आजी म्हणाली, "खरं हाय बाई तुमचं, पर पितरांचे दिस हायत. नवी वाट आत्ता उघडू नये."

आराध्याची आई तिच्याकडं वळली. "पितरं काय म्हणत्याल आजी? नातवंडं आतच ठिवा, आमचे दिस हायत? माझी सासू वर बसून शिव्या देत असंल मला, की उभी काय राहिलीस म्हणून." मग तिनं मला बोलावलं. "सर, समोरच्या शकीलभाईंना हाक मारा. कटर घेऊन या म्हणावं."

समोर शकीलभाईंचं ग्रिल-शटरचं दुकान. मी गेलो, सांगितलं. त्यांनी वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली. "वो पीछे का गेट? हौ मास्टर, हमीच बनाये थे. पक्का बनाये थे, अब क्या करना." मग हसले आणि कटर उचलला. त्यांची नातही सहावीतच होती, हे मला नंतर कळलं. वायर आमच्या ऑफिसातून ओढली. मुख्याध्यापकांनी ती ओढताना पाहिलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मी त्यांना तेव्हापासून फार मानतो.

शकीलभाई फाटकाशी बसले आणि रिबिनीकडं बघून थांबले. "बाई, इसका क्या करूँ?"

"तिला हात लावू नका," बाई म्हणाल्या. "ती साहेबांच्या पाहुण्यांची हाय. कुलूप तेवढं तोडा. पोरं खालून वाकून येतील."

मग त्यांनी सगळ्या मुलांना वरच्या वळणापर्यंत मागं नेलं, भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि डोळ्यांवर हात ठेवायला लावले. कटर ओरडला, ठिणग्या माझ्या मोराच्या पिसाऱ्यावर उडाल्या. कुलूप खाली पडलं. फाटक सरकलं. आणि पोरं एकेक करून, हात न सोडता, रिबिनीखालून वाकून बाहेर यायला लागली. मुंबईच्या मोठ्या साहेबांची ती वाट पितृपक्षात, तीस सप्टेंबरला, सहावीच्या पोरांनी उद्घाटन न करता वापरली. आया प्रत्येक पोराच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. कुणाचंही असो.

सगळी आली तरी बाई आल्या नाहीत. त्या उलट वर गेल्या. आम्ही खाली उभे. वरून एकेका वर्गाचं दार ढकलल्याचा आवाज येत होता आणि त्यामागून त्यांची हाक. "कुणी हाय का आत?" पुढचं दार. "आत कुणी हाय का?" रिकाम्या वर्गात कुणी नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्या प्रत्येक दारात थांबून उत्तराची वाट बघत होत्या. मी आयुष्यात फारसा रडलेलो नाही, पण त्या हाका ऐकून रडलो, आणि आराध्याची आईही तोंडाला ॲप्रन लावून उभी होती. मग बाई हळूहळू उतरल्या, रिबिनीखालून वाकल्या आणि बाहेर आल्या.

साहेब आले तेव्हा अंधार पडायला आला होता. रिबीन जागेवर होती, त्यामुळं जिन्याचं उद्घाटन झालं असंही त्यांना म्हणता येईना आणि झालं नाही असंही. ते नुसते तुटलेल्या कुलपाकडं बघत म्हणाले, "पितृपक्षात. आणि या तारखेला!" आया तिथंच होत्या. आराध्याच्या आईनं ठणकावलं, "साहेब, पुन्हा कुलूप लावलं तर आम्ही पोरं घरी बसवू." शकीलभाई कटरची वायर गुंडाळत तिथंच रेंगाळले होते. साहेबांनी पुन्हा कुलूप आणलं नाही.

दसऱ्याला मोठे साहेब खरोखरच आले. रिबीन कापली, नारळ फोडला, ग्रॅनाइटची तारीफ केली. भाषणात त्यांनी मुलांना लाडानं विचारलं, "मग, जाणार ना आता या नव्या जिन्यानं?" पुढं बसलेली पोरं एका सुरात ओरडली, "कधीच गेलो!" आमच्या साहेबांनी घाईनं पुष्पगुच्छ पुढं केला.

बाईंची नोकरी दिवाळीच्या सुट्टीत गेली. आया भांडायला गेल्या होत्या. साहेब तेवढे वाईट नव्हते, त्यांनी मार्ग काढला. बाईंनी माफी लिहून द्यावी, विषय संपला. मीच तो निरोप घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "लिहिते की. कशाची माफी, तेवढं साहेबांनी सांगावं." मी म्हटलं, "कुलूप तोडल्याची." "मग आधी त्यांनी सांगावं, कुलूप लावलं कशासाठी होतं. त्याच्याखाली मी सही करते." मी हा निरोप साहेबांना सांगितला. ते बराच वेळ गंड्यांशी चाळा करत बसले. त्यांच्याकडून काही आलं नाही.

बाईंना अजिंठ्याकडच्या एका शाळेत जागा मिळाली. पगार इथल्याहून कमी. त्या निघाल्या त्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो. टेम्पोत एक कपाट, दोन पिशव्या आणि पुस्तकांची खोकी. मला फार वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, साहेबांचा, आमचा सगळ्यांचा. न राहवून मी म्हटलं, "एका दिवसासाठी एवढी चांगली नोकरी घालवलीत, बाई. पंधरा दिवसांनी उघडणारच होता तो."

बाईंनी पदर खोचला.

"सर, तीस सप्टेंबर म्हणजे मी बाहेर आणि माझी माणसं आत, असंच आजवर होतं," त्या म्हणाल्या. "यंदा आतली सगळी बाहेर आली. आणि त्यांच्या मागनं, सगळ्यात शेवटी, मी आले."

मग टेम्पोवाल्याला "चला दादा" म्हणून त्या पुढच्या सीटवर चढून बसल्या.